गादी भरणं आणि टाके घालणं: सराव-गादीपासून पूर्ण गादीपर्यंत

गादीचं काम शिकायला आलेल्या माणसाची नजर आधी टाक्यांवर जाते. एका ओळीत बसलेल्या गुंड्या, मधले फुगीर चौकट, ताठ उभी कड, एवढंच त्याला दिसतं. साहजिक आहे, कारण बाहेरून दिसतं तेवढंच. मग तो पहिल्याच दिवशी लांब सुई हातात मागतो.

सुई इतक्या लवकर देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टाक्याचं काम एकच: आतलं भरण जिथे आहे तिथे धरून ठेवणं. भरण सारखं असेल तर टाका ते तसंच वर्षानुवर्षं ठेवतो, आणि वेडंवाकडं असेल तर तेही तितक्याच इमानाने धरून ठेवतो. कापूस कमी पडलेल्या जागी दोरा ओढला की तिथे खळगा पडतो, आणि शेजारी गोळा असेल तर तो आणखी उठून दिसतो. म्हणून या लेखात भरणावर जास्त शब्द खर्च केले आहेत. टाक्यांच्या भागाकडे थेट उडी मारायचा मोह होईल, तो आवरा.

सुरुवात लहान गादीवर

माणसाच्या मापाची गादी पहिल्यांदा करायला घेऊ नका. कापड आणि कापूस वाया जातोच, शिवाय एवढ्या मोठ्या पसाऱ्यात चूक कुठे झाली ते सापडत नाही. ६० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि १० जाड अशी चौकोनी सराव-गादी करा. मोठ्या गादीतलं प्रत्येक काम हिच्यात आहे: खोळ, बाजूपट्टी, कोपरे, कड, टाके. फसली तर उसवून तोच कापूस पुन्हा पिंजून वापरता येतो.

सामान फार लागत नाही. गादीचं जाड, घट्ट विणीचं सुती कापड (बाजारात टिकिंग म्हणून मिळतं), पिंजलेला कापूस सव्वादोन किलो, खोळ शिवायला जाड दोरा, कड आणि टाक्यांसाठी मजबूत सुतळीसारखा दोरा, मेणाचा तुकडा. सुया तीन: दोन्ही बाजूंना टोक असलेली २५ ते ३० सेंटिमीटरची लांब सुई, अर्धगोल वाकडी सुई आणि एक मध्यम दाभण. शिवाय खडू, मोजपट्टी, कात्री, लांब टाचण्या, अंगुस्तान आणि भरण सरकवायला एक लांब टोचा.

टाक्यांचा दोरा निवडताना ताण देऊन बघा. जवसाच्या धाग्याचा मेण लावलेला दोरा जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून जुने कारागीर तोच धरून असतात. पॉलिएस्टरचा जाड दोराही चांगला चालतो. नायलॉन मात्र ताणाखाली लांबतो, त्यामुळे आज घट्ट वाटलेला टाका काही महिन्यांनी सैल पडतो.

कापड बेतणं

कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती टिकिंग आटतं, आणि ते गादी झाल्यावर आटलं तर शिवणींवर ताण येतो.

वरचा आणि खालचा पल्ला प्रत्येकी ६६ बाय ६६ सेंटिमीटरचा कापा. चारी बाजूंना दीड सेंटिमीटर शिवणीत जाईल आणि खोळ ६३ ची होईल. वरचे ३ सेंटिमीटर मुद्दाम ठेवले आहेत: कड बांधताना आणि टाके ओढताना गादी चारी बाजूंनी आत येते आणि शेवटी ६० च्या आसपास बसते. तंतोतंत मापाने कापलेली गादी तयार झाल्यावर पलंगापेक्षा लहान भरते. बाजूपट्टी २५५ सेंटिमीटर लांब आणि १५ रुंद घ्या. एवढा लांब तुकडा नसेल तर जोड द्या, पण तो जोड कोपऱ्यावर येऊ देऊ नका.

दोन्ही पल्ले एकाच दिशेने कापा. एकाचा उभा धागा लांबीत आणि दुसऱ्याचा रुंदीत गेला तर दोघं वेगवेगळे ताणले जातात आणि गादी पीळ घेते. पट्ट्यापट्ट्यांचं कापड असेल तर ही चूक लगेच दिसते. साध्या कापडात ती दिसत नाही, म्हणून काठाच्या बाजूला खडूने खूण करून ठेवा.

टाक्यांच्या खुणाही आत्ताच करायच्या. कापड सपाट असतानाच त्या अचूक होतात. मोजमाप कडेकडून सुरू न करता पल्ल्याच्या मध्यापासून करा, म्हणजे उरलेला फरक चारी कडांना सारखा वाटला जातो. मधल्या ओळीत मध्यापासून १० सेंटिमीटर डावीकडे एक आणि १० उजवीकडे एक खूण. मग १८ सेंटिमीटर वर आणि १८ खाली एकेक ओळ, त्यात तीन-तीन खुणा: एक बरोबर मध्यावर आणि तिच्या दोन्ही बाजूंना २० सेंटिमीटरवर एकेक. एकूण ८ खुणा झाल्या. ओळी अशा आडव्या-तिरप्या पडल्या की कुठल्याही दोन शेजारच्या टाक्यांमधलं अंतर २० च्या आसपास राहतं आणि भरणाला पळायला लांब सरळ वाट मिळत नाही. दोन्ही पल्ल्यांवर हीच आखणी करा. ती सगळ्या बाजूंनी सारखी असल्यामुळे वरची खूण खालच्या खुणेसमोर आपोआप येते.

आता खालच्या पल्ल्याला बाजूपट्टी चारी बाजूंनी यंत्रावर शिवा. कोपऱ्यावर पट्टीच्या शिवणीच्या जागेत छोटी चीर द्या, नाहीतर कोपरा चुरगळतो. वरचा पल्ला फक्त एका बाजूने जोडा. डब्याच्या झाकणासारखा तो मागे पडला पाहिजे.

भरण: इथे घाई नको

कापूस नीट पिंजलेला आहे का ते आधी बघा. मूठभर घेऊन दोन्ही हातांनी हळू ओढा. तंतू एकमेकांतून सरकत सुटले तर ठीक. तुकड्या-तुकड्यांत तुटला किंवा आत घट्ट गाठी लागल्या तर पुन्हा पिंजायला हवा. न पिंजलेली गाठ गादीत कधीच सुटत नाही, उलट झोपणाऱ्याच्या वजनाने आणखी घट्ट होते.

या कामाला मास्क लावाच, साधा रुमाल पुरत नाही. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेल्याने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस असं स्वतंत्र नाव आहे, यावरून काय ते ओळखा. खिडकी उघडी ठेवा, पण पंखा बंद.

सव्वादोन किलो कापूस तोलून घ्या. पाव किलो बाजूला काढा. उरलेल्या दोन किलोचे पाव-पाव किलोचे आठ ढीग करा. हे तोलणं नवशिक्याला कंटाळवाणं वाटतं, पण हाताला अंदाज येईपर्यंत काटाच खरा. पाव किलो कापूस पसरल्यावर केवढा दिसतो हे डोळ्यांत बसलं की पुढे तोलायची गरज राहत नाही.

बाजूला काढलेल्या पाव किलोतून आधी चार कोपरे भरा. कापसाची छोटी वळकटी करून कोपऱ्याच्या शिवणीपर्यंत बोटांनी दाबा. मग चारी कडांच्या आतून बाजूपट्टीला लागून तसाच एक पातळ थर द्या. कोपरे शेवटी भरू असं म्हटलं की ते रिकामेच राहतात: वरचे थर त्यांच्यावर झाकण घालतात आणि मग तिथे हात पोचत नाही.

नंतर पहिला ढीग. तो तळव्यांनी उचलून ठेवत जा. फेकायचा नाही आणि दाबायचाही नाही. पहिला थर तंतू उभे जातील असा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. उलटसुलट थरांमुळे तंतू एकमेकांत अडकतात आणि सगळं भरण एका दिशेने सरकत नाही. प्रत्येक थरानंतर तळवा पसरून हलकेच संपूर्ण पृष्ठभागावरून फिरवा. या वेळी डोळे मिटले तर फरक जास्त कळतो. बघताना सपाट वाटणारी जागा हाताला पोकळ लागते, आणि तशी लागली तर तिथे चिमूटभर कापूस लगेच टाका, पुढच्या थरावर ढकलू नका.

पाचव्या, सहाव्या थराला मध्यभागी थोडं जास्त ठेवा. झोपणाऱ्याचं जास्तीत जास्त वजन कमरेपाशी येतं आणि गादी तिथेच आधी बसते, म्हणून तयार गादी मध्याशी जरा फुगीर असायला हवी. आठ थर झाल्यावर कापूस पट्टीच्या बराच वर येईल, ठरलेल्या जाडीच्या दुपटीहून उंच. घाबरून काढून टाकू नका. खोळ मिटल्यावर आणि टाके बसल्यावर तो १० सेंटिमीटरवर येतो.

वजनाचा आडाखा हवा असेल तर कापसाच्या घट्ट गादीला दर घनमीटर ५० ते ६० किलो धरा. १९४० च्या सुमारास अमेरिकेच्या कृषी खात्याने गरीब शेतकरी कुटुंबांना स्वतःची गादी स्वतः करायला शिकवण्याची योजना राबवली होती. एका गादीसाठी ५० पौंड कापूस आणि १० यार्ड टिकिंग दिलं जाई. ५० पौंड म्हणजे साधारण २२.७ किलो. दोघांच्या गादीला तेवढा कापूस लागतो, हे ऐकून आजही लोक चकित होतात.

तोंड मिटवणं

झाकण उलटून कापसावर घ्या. आधी दोन मोकळे कोपरे लांब टाचण्यांनी टाचा, मग प्रत्येक बाजूचा मध्य, मग उरलेल्या अंतरांचे मध्य. एका टोकापासून टाचत गेलात तर शेवटच्या कोपऱ्यावर कापड उरतं किंवा कमी पडतं. दुसरा माणूस वरून तळव्यांनी दाबून धरत असेल तर काम निम्म्या त्रासात होतं.

शिवणीची जागा आत दुमडा आणि वाकड्या सुईने लपता टाका घाला: एकदा पल्ल्याच्या दुमडीत सेंटिमीटरभर, मग समोर पट्टीच्या दुमडीत सेंटिमीटरभर. पाच-सहा टाक्यांनंतर दोरा ओढला की दोन्ही कडा मिटतात आणि दोरा दिसेनासा होतो.

शेवटचा टाका घालण्याआधी सुया आणि टाचण्या मोजा. कामाला बसताना जितक्या होत्या तितक्या परत मिळाल्याच पाहिजेत. एक जरी कमी असेल तर उसवा. याला सूट नाही.

मग गादी सपाट जागी ठेवून हलक्या वेताच्या छडीने दोन्ही बाजूंनी झोडा, मध्यापासून कडेकडे. याने थर एकमेकांत बसतात. अजून कुठे पोकळ लागत असेल तर बाजूपट्टीच्या विणीतून टोचा आत घालून शेजारचा कापूस त्या जागी ओढून घ्या. धागा तुटू न देता टोचा बाहेर काढला की भोक नखाने खरवडून मिटतं. ही शेवटची संधी. टाके पडल्यावर भरण हलत नाही.

कड बांधणं

काही जण टाके आधी आणि कड नंतर करतात. मी शिकवताना कड आधी सांगतो, कारण कड पक्की झाली की गादीचा आकार ठरतो आणि टाके ओढताना भरण बाहेरच्या बाजूला पळत नाही.

दोऱ्याला मेण लावा. डाव्या हाताने गादीचा काठ असा पकडा की अंगठा वरच्या पल्ल्यावर आणि बोटं बाजूपट्टीवर येतील, आणि आतला कापूस काठाकडे गोळा करा. लांब सुई पट्टीत शिवणीच्या अडीच सेंटिमीटर खाली घाला आणि पल्ल्यावर शिवणीपासून अडीच सेंटिमीटर आत बाहेर काढा. पहिल्या टाक्याला सरकती गाठ मारून ओढून घ्या. मग अडीच सेंटिमीटर पुढे सरकून पुन्हा पट्टीतून वर, आणि वरून मागच्या टाक्याजवळ परत खाली. सुई खालून पूर्ण बाहेर ओढण्याआधी तिच्याभोवती दोऱ्याचे दोन वेढे द्या आणि मग ओढा. वेढ्यांमुळे प्रत्येक टाका जागीच अडकतो. पुढे एखादा तुटला तरी सगळी कड उसवत नाही.

दोरा ओढायचा तो काठाच्या दिशेने. सरळ वर ओढलात तर कापड फाटतं. दोन-तीन टाक्यांनंतर बोटाएवढी जाड, गोल वळकटी काठावर उभी राहायला लागेल. ती कुठे बारीक, कुठे जाड दिसली तर टोच्याने कापूस सारून घ्या आणि मगच पुढे जा. वरची कड झाली की गादी उलटा आणि खालची करा. बोटांना चरे पडतात. अंगुस्तान घाला आणि दोरा धरायच्या हाताला चामड्याचा पट्टा बांधा.

१५ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड गादीला याआधी बाजूपट्टीतून आत जाणाऱ्या लपत्या टाक्यांच्या एक-दोन ओळी घालाव्या लागतात, नाहीतर बाजू फुगते. सराव-गादीला गरज नाही.

आता टाके

गुंडीऐवजी सुरुवातीला जाड नमद्याच्या (लोकर दाबून केलेलं जाड कापड) किंवा चामड्याच्या अडीच-तीन सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या वापरा. चकती जितकी लहान तितका दोरा कापड कापून आत जाण्याचा धोका जास्त. ८ टाक्यांना वर-खाली मिळून १६ चकत्या लागतील. प्रत्येक टाक्याला गादीच्या जाडीच्या चौपट आणि वर ३० सेंटिमीटर इतका दोरा कापा, म्हणजे इथे ७०.

गादी काठावर उभी करा किंवा कोणाला तरी उभी धरायला सांगा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. सुई खुणेवर टेकवा आणि आत घालण्याआधी बाजूने बघा: ती पल्ल्याला काटकोनात आहे का? आत तिरकी गेली की पलीकडे खुणेपासून दोन बोटं लांब निघते. तशी निघाली तर पूर्ण मागे घेऊन पुन्हा घाला.

सुई पलीकडे काढा, इकडे दोऱ्याचं टोक वीतभर राहू द्या. पलीकडे दोऱ्याच्या फाशात चकती बसवा आणि पहिल्या भोकापासून सेंटिमीटरभर अंतरावरून सुई परत अलीकडे आणा. दोन्ही भोकं एकच झाली तर टाका धरतच नाही, सरळ निसटून येतो. आता अलीकडे दोन टोकं आहेत, त्यांच्यामध्ये दुसरी चकती ठेवा.

सरकती गाठ अशी: आखूड टोक लांब टोकाभोवती दोनदा गुंडाळा आणि मग त्याच दोन वेढ्यांच्या आतून बाहेर काढा. आखूड टोक ओढलं की गाठ आवळते; लांब टोक ओढलं की गाठ त्याच्यावरून घसरत चकतीवर येऊन बसते आणि हात सोडला तरी मागे सरकत नाही. ही गाठ आधी खुर्चीच्या पाठीला दोरा बांधून हाताला बसवा. पुढचं सगळं तिच्यावर आहे.

आठही टाके आधी नुसते घाला, चकती कापडाला टेकेल इतकेच. मग मधल्या दोन टाक्यांपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात अर्धे आवळा. पुन्हा मध्यापासून दुसरी फेरी, या वेळी पूर्ण ओढ. एक टाका एकदम शेवटपर्यंत ओढला तर भरण शेजारी गोळा होतं आणि पुढच्या टाक्याला विनाकारण जास्त जोर लागतो. ओढताना दुसऱ्या हाताने चकतीभोवती दाबा. सगळा जोर दोऱ्यावर टाकू नका.

किती आवळायचं? १० सेंटिमीटरच्या गादीत टाक्यापाशी जाडी ७ राहिली की पुरे. सरळ पट्टी दोन फुगवट्यांवर आडवी ठेवून खाली चकतीपर्यंतची खोली मोजा. प्रत्येक बाजूला दीड सेंटिमीटर यायला हवी. यापेक्षा खोल टाके दिसायला झोकदार असतात पण अंगाला टोचतात, आणि कापसाची लवचीकता जाते.

लगेच पक्की गाठ मारू नका. गादी रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी कापूस थोडा बसलेला असतो आणि दोन-तीन टाके सैल लागतात. ते ओढून घ्या, मग दोन्ही टोकांची साधी दुहेरी गाठ मारा, सेंटिमीटरभर दोरा ठेवून कापा आणि टोक चकतीखाली सारा.

मोठ्या गादीकडे

१९० बाय ९० च्या गादीलाही हीच आखणी चालते: चार आणि तीन अशा आलटून-पालटून ९ ओळी, ओळींमध्ये २० सेंटिमीटर, ओळीतल्या टाक्यांमध्ये २२. एकूण ३२ टाके. गादी जाड असेल तर लांब सुई ३५ सेंटिमीटरपर्यंतची घ्या, कारण आवळण्याआधी भरण बरंच उंच असतं. आणि ही गादी एकट्याने करू नका. उलटताना थर सरकतात.

लोकर किंवा काथ्या भरणात वापरायचा असेल तर काथ्या मध्ये आणि मऊ थर वर-खाली ठेवा. काथ्याची टोकं कापडातून बाहेर येतात, म्हणून दोन्हींच्या मध्ये एक घट्ट कापड घाला.

स्प्रिंगच्या गादीत स्प्रिंगच्या वर आणि खाली जाड नमदा लागतो, नाहीतर कापूस हळूहळू स्प्रिंगच्या पोकळीत उतरतो. सुई घालताना तारेला लागली तर हाताला लगेच कळतं; जोर न करता बाजूने घ्या. दोरा तारेला घासत राहिला तर तो तुटणारच, फक्त केव्हा एवढाच प्रश्न. कापडी पिशव्यांत वेगवेगळी बसवलेली स्प्रिंग (जेम्स मार्शल यांनी १९०० मध्ये पेटंट घेतलेली रचना) असेल तर टाका दोन पिशव्यांच्या मधून जायला हवा.

नुसत्या फोमला टाके घालू नयेत असं माझं मत. फोमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सरकत नाहीत; टाक्याची गरजच नाही, आणि दोरा फोम कापत जातो. कुणाला दिसण्यासाठी हवेच असतील तर फोमच्या दोन्ही बाजूंना नमदा आणि मोठ्या चकत्या लागतील.

तान्ह्या बाळाच्या गादीला गुंड्या किंवा चकत्या अजिबात लावू नका; सुटली तर थेट तोंडात जाते. आणि गाद्या विकायच्या असतील तर आपल्याकडचे आगीचे नियम आधी विचारून घ्या. कापूस ज्वाळा न दिसता तासन् तास धुमसत राहू शकतो, म्हणून अनेक देशांत पेटत्या सिगारेटची चाचणी असते.

वापरायला दिल्यानंतर पहिले काही महिने गादी दर पंधरा दिवसांनी उलटायला सांगा, एकदा बाजू आणि एकदा डोकं-पाय. एखादा टाका तुटला तर तो तसाच सोडू नका, त्याच भोकांतून नवा दोरा घाला. शेजारचे टाके त्याचाही भार उचलत असतात, आणि मग तेही एकेक करून जातात.